डावा अ‍ॅक्सल

त्या रविवारी वडिलांनी तिला घरासमोरच्या रस्त्यावर अकरा वेळा गाडी वळवायला लावली. स्टिअरिंग एकदा पार डावीकडे, एकदा पार उजवीकडे, आणि वेग माणसाच्या चालीचा. ते स्वतः कमरेत वाकून, पुढच्या चाकाकडे कान लावून गाडीच्या बरोबरीने चालत होते. गाडी वळली की खालून कट-कट-कट असा आवाज यायचा. कुणीतरी आत बसून सावकाश अक्रोड फोडतंय असं वाटायचं.

"अहो, लोक बघतायत," फाटकात उभी असलेली आई म्हणाली. "गाडीची वरात काढलीत की काय?"

"बघू देत की. तिकीट कुठे लावलंय?" वडील सरळ झाले आणि कंबर दाबत त्यांनी निकाल दिला, "डावा. बाहेरचा सांधा संपलाय. पंडितबाई, लावा गाडी आत."

पंडितबाई म्हणजे ती. वय बेचाळीस, नोकरी ग्रंथालयात, आणि लहानपणापासून नाक पुस्तकात, म्हणून हे नाव. वडिलांनी नवा अ‍ॅक्सल आधीच आणून ठेवला होता. इंजिनाची ताकद चाकापर्यंत पोचवणारा हातभर लांबीचा पोलादी दांडा, दोन्ही टोकांना सांधे आणि सांध्यांवर रबराचे बूट. पलंगाखाली, जास्तीच्या उशांशेजारी, पुठ्ठ्याच्या खोक्यात तो पडून होता. त्यांनी खोकं उघडून तिला दाखवलं, पुन्हा बंद केलं, वरची धूळ पुसली.

"पुढच्या रविवारी बसवू. दोन तासांचं काम."

तिने चहा संपवला, "येते" म्हणाली. "नीट जा," ते म्हणाले, खोकं पलंगाखाली सरकवता सरकवता. दोघांनीही एकमेकांकडे वळून पाहिलं नाही. पाहण्यासारखा दिवस नव्हताच तो.

मंगळवारी सकाळी बुटाची नाडी बांधायला ते खुर्चीतून खाली वाकले, ते पुन्हा उठले नाहीत.

पाच आठवडे गेले. दुःखावरची बरीच पुस्तकं तिच्या हाताखालून गेली होती, त्यांतली काही तिने लोकांना आग्रहाने वाचायला दिली होती. आता त्यांतलं एक पानही तिला आठवत नव्हतं. आईकडे ती रोज जायची, भाजी चिरायची, दिवे लावायची, परत यायची. गाडी अंगणात होती तिथेच होती. तिच्यावर पानं पडली, पानांवर धूळ बसली.

मग दादाचा फोन आला. दादा दुसऱ्या गावी असायचा आणि लांबून जे करता येतं ते मन लावून करायचा. त्याने भंगारवाला ठरवला होता. "रविवारी पाच वाजता क्रेन येईल. आईला अंगणात चालायला जागा तरी होईल. कट-कट करणारी गाडी कोण चालवणार आहे? तू?"

"मी," ती म्हणाली.

"अगं, तू टॉर्च धरायचीस."

हे खरं होतं. तीस वर्षं तिने टॉर्च धरला होता. वडील गाडीखाली आणि ती शेजारी उकिडवी. उजेड कुठे पाडायचा हे त्यांना कधी सांगावं लागलं नाही. पण पाना त्यांनी कधी तिच्या हातात दिला नाही, आणि तिनेही कधी मागितला नाही.

आईने दोघांच्यात तोडगा काढला. "रविवारी पाचपर्यंत गाडी आपल्या पायांनी फाटकाबाहेर गेली तर राहील. नाही तर क्रेन घेऊन जाईल, आणि मग कुणी माझ्यापुढे डोळे पुसायचे नाहीत. कबूल?"

कबूल.

शनिवारी तिने तिला येत होतं ते केलं, म्हणजे वाचलं. गाडीचं दुरुस्ती-पुस्तक वडिलांच्या कपाटात होतं, पानोपानी तेलाचे अंगठे उमटलेलं. अ‍ॅक्सलच्या प्रकरणात सातव्या पायरीवर एकच ओळ होती: दांडा हबमधून बाहेर काढा. हब म्हणजे चाक ज्यावर बसतं तो गोल लोखंडी गाभा. एका ओळीचं काम, ती मनात म्हणाली. माणूस किती भोळं असतं ते त्याला दुसऱ्या दिवशी कळतं.

रविवारी सकाळी आठला तिने वडिलांचा निळा डगला चढवला, बाह्या दोनदा दुमडल्या आणि कामाला लागली. हबच्या मधोमध असलेला मोठा नट आधी सोडवायचा, तोही चाक जमिनीवर असतानाच. नाही तर नटाबरोबर चाकच फिरत बसतं. त्यासाठी आत बसून कुणीतरी ब्रेक दाबून धरायला हवा होता.

"आई, ये."

"मी?"

"अजून कोण आहे घरात?"

आई चष्मा सावरत ड्रायव्हरच्या जागेवर बसली. लेकीने बाहेर बत्तीस नंबरच्या पान्याला वडिलांचा लांब लोखंडी पाइप जोडला.

"दाबलायस?"

"दाबलाय गं. आता काय उभी राहू त्याच्यावर?"

ती स्वतःच पाइपावर उभी राहिली. काही होईना. मग तिने जरा उडी मारली. कडाक!

"मोडलं!" आई ओरडली.

"सुटलं!"

"मग तसं सांगून मार ना उडी. काळजाचं पाणी झालं माझ्या."

जॅक, गाडीखाली दोन स्टँड, मग चाक निघालं. हबला खालून धरणारा बॉल जॉइंट दोन घावांत सुटला आणि हब मोकळा होऊन बाहेर झुकला. साडेनऊ. हाताला काळं लागलं होतं आणि ते तिला घड्याळापेक्षा जास्त खरं वाटत होतं. आता सातवी पायरी. हबच्या आतल्या दात्यांमध्ये दांड्याचे दाते बसलेले असतात. बाहेरून दांड्याच्या तोंडावर हलका ठोका दिला की तो मागे सरकतो. तिने नट पुन्हा चार आटे चढवून ठेवला. घाव थेट आट्यांवर बसून ते चेपले तर दांडा भोकातून जाणारच नाही. हे पुस्तकात नव्हतं. हे तिने टॉर्च धरून पाहिलं होतं.

तिने ठोका दिला. ठण्ण.

वीस ठोके दिले. ठण्ण, ठण्ण. दांडा जागचा हलला नाही. गंज सोडवणारं तेल मारलं, अर्धा तास थांबली, पुन्हा वीस. पुन्हा तेल, पुन्हा वीस. खांदा भरून आला. आई पायरीवर बसून मोजत होती, मग तिने मोजणं सोडून दिलं. साडेअकरा वाजले.

"दोन मिनिटांना बोलावू का?" आईने विचारलं.

दोन मिनिट हे कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याचं नाव. खरं नाव पोस्टमनला माहीत असेल. गाडीचं इंजिन उतरवायचं असो की आरसा चिकटवायचा असो, तो म्हणायचा, "दोन मिनिटांचं काम." वडिलांचा जुना दोस्त आणि जुना भांडखोर. तो आला, बसला, हबला हात लावला, तिच्याकडे पाहिलं.

"इथपर्यंत तू आणलंस?"

"हो, काका."

"हं." एवढंच. पण तो "हं" तिने जपून ठेवला. "गंज आहे. पुलर लावू. दोन मिनिटांचं काम."

पुलर म्हणजे तीन नखांचा पंजा. नखं हबला मागून पकडतात आणि मधला स्क्रू दांड्याला ढकलतो. काकांनी स्क्रू आवळला. आणखी आवळला. मानेच्या शिरा फुगल्या. एक नख सटकलं आणि पुलर अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पडला. आई उठून उभी राहिली. काकांनी कपाळ पुसलं.

"एकजीव झालंय. मी तीस वर्षांत असं पाहिलं नाही. आता हबसकट कापायचं, नवीन हब आणायचा, बेअरिंग आणायचं, आज रविवार, दुकानं बंद. पोरी, जाऊ दे. येऊ दे क्रेन."

"कापायचं नाही," ती म्हणाली. का ते तिलाही माहीत नव्हतं.

ती चिंधी घेऊन खाली बसली. आधी तेल पुसलं. पुसता पुसता थांबली. गंजावर तेल मारलं की तांबूस-तपकिरी पाणी सुटतं, तासाभरात चिंधी विटकरी होते. तिच्या हातातल्या चिंधीवर तेल होतं, काजळी होती, पण तांबूस काही नव्हतं. ज्या माणसाने आयुष्यात एक खिळा गंजू दिला नाही, त्याच्या गाडीत गंज आला कुठून? तिने टॉर्च घेतला आणि उजेड दात्यांच्या फटीत पाडला. फटीच्या तळाशी एक बारीक रेघ होती. काचेसारखी चकाकणारी, लालभडक.

"काका, हा गंज नाही."

"मग काय आहे?"

"हे माझे बाबा आहेत."

काकांनी हळूच आईकडे पाहिलं. पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला की काय, अशा नजरेने. पण आईने पायरीवरूनच कपाळाला हात लावला. "औषध!" ती म्हणाली, आणि हसू लागली. पाच आठवड्यांत पहिल्यांदा, पदराने तोंड झाकून, खांदे हलेपर्यंत.

औषधाची गोष्ट सांगायला हवी. वडील छत्तीस वर्षं लिफ्ट मेकॅनिक होते. लिफ्टमधला प्रत्येक महत्त्वाचा नट लाल द्रवाचा थेंब टाकून बसवतात. थेंब सुकला की नट धक्क्याने, कंपनाने, काळाने सैल होत नाही. "आत उभ्या माणसाला नट दिसत नाहीत," ते म्हणायचे. "तो बटण दाबतो आणि घड्याळ बघतो. त्याला घड्याळ बघता यावं, म्हणून आपण." निवृत्त झाल्यावर लिफ्ट सुटल्या, बाटली सुटली नाही. कुकरच्या दांड्याला औषध. आईच्या चष्म्याच्या काडीला औषध. पडद्याच्या रुळाला औषध. तिच्या पुस्तकांच्या मांडणीला तर छत्तीस जागी औषध. ती घर बदलायला निघाली तेव्हा सामान हलवणाऱ्या चौघांनी मांडणी खोलायला दुपार घालवली, दोन स्क्रूड्रायव्हर मोडले आणि शेवटी मुकादम हात जोडून म्हणाला, "बाई, हे कोणी केलंय? त्यांनाच बोलवा." मग वडील आले, डाग द्यायची तापती सळई प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर मिनिटभर टेकवली आणि स्क्रू लोण्यासारखे निघाले. "औषधाला ताकद दाखवायची नसते," ते मुकादमाला म्हणाले. "ऊब द्यायची असते." टॉर्च अर्थातच तिच्या हातात होता.

तीन वर्षांपूर्वी त्यांनी गाडीचं बेअरिंग बदललं होतं. दांड्याचे दाते थोडे झिजलेले, गाडी सुटताना हलकं टिक् व्हायचं. त्या गाडीतून आईला दवाखान्यात न्यायचं होतं. मग त्यांनी काय केलं असेल, हे तिला आता डोळ्यांसमोर दिसत होतं.

"दात्यांना लावतं का कोणी हे?" काका चिडलेच. "जगात कुठे लावतात?"

"आमच्याकडे लावतात," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच जरा उंच वाटला. तीस वर्षांचा अनुभव आणि लोखंडी पंजा यांनी मिळून जोर केला होता, आणि तिच्या बापाचा एक थेंब हलला नव्हता.

"बरं, तापवायचं तर बेअरिंगचं ग्रीस वितळेल."

"हब तापवायचाच नाही. दांड्याचं तोंड फक्त. तो भंगारात जाणारच आहे."

काकांनी दुसरी चिंधी उचलली. मग म्हणाले, "आधी तेलाचा थेंब न् थेंब पूस. नाही तर गाडीबरोबर आपणही जाऊ."

तिने पुसलं. काकांनी पुसलं. आईने येऊन, दोघांवर विश्वास नाही म्हणून, तिसऱ्यांदा पुसलं आणि पाण्याची बादली आणून शेजारी ठेवली. वडिलांच्या कपाटात रंग खरवडायचं गरम हवेचं यंत्र होतं. रबराभोवती ओलं फडकं गुंडाळून तिने यंत्राचं तोंड दांड्याच्या तोंडावर धरलं. पाच मिनिटं. दहा. एक गोडसर, जळका वास आला आणि फटीतून धुराची बारीकशी रेघ वर गेली.

"मार," काका म्हणाले.

ठण्ण.

ठण्ण.

ठप्प.

आवाज बदलला. डोळ्यांना काही दिसायच्या आत कानांना कळलं. तिने हातोडा खाली ठेवला नाही. पुन्हा, पुन्हा, आणि दांडा नखभर मागे गेला, मग बोटभर, मग स्वतःच्या वजनाने सुटून खाली लोंबकळला. तीन वर्षं धरून ठेवलेला हात कुणी समजुतीने सोडावा तसा.

"बघ," काका हात झटकत उठले. "म्हटलं नव्हतं? दोन मिनिटांचं काम."

"हो ना," आई म्हणाली. "तुमची दोन मिनिटं साडेअकरापासून चाललीयत. चहा घेणार की तोही दोन मिनिटांत?"

उरलं ते सरळ होतं, पण सरळ कामातच माणूस फसतो. दांड्याचं आतलं टोक गिअरबॉक्समध्ये एका लहानशा तारेच्या कड्याने अडकलेलं असतं. एक बाजू सुटली की दांडा धरून ओढायचा मोह होतो, आणि ओढला की आतला सांधा फुटून त्याचे तुकडे गिअरबॉक्सच्या तोंडाशी विखुरतात.

"ओढू—" काकांनी सुरुवात केली.

"—नकोस. माहीत आहे." तिने पहार सांध्याच्या कडेला टेकवली, गिअरबॉक्सचा आधार घेतला आणि एकच झटका दिला. जुना अ‍ॅक्सल बाहेर आला, त्याच्यामागून तेलाची धार खालच्या परातीत. काकांनी पुढे केलेला हात मागे घेतला आणि खिशात घातला. त्यानंतर त्यांनी तिला काही सांगितलं नाही. नुसते बघत राहिले, आणि एकदा त्यांनी टॉर्च उचलला व उजेड बरोबर जागी धरला.

नवा दांडा आत सरकवला. खट्. ओढून पाहिला, निघाला नाही. बाहेरचं टोक हबच्या दात्यांत बसवायच्या वेळी काकांनी कपाटातून आणलेली लाल बाटली पुढे केली. बाटलीत तळाशी थोडं होतं.

"घे. तुमच्याकडे लावतात ना?"

तिने बाटली घेतली, उजेडात धरून पाहिली आणि बूच घट्ट बसवून खाली ठेवली. "नाही. नव्याचे दाते कोरे आहेत, टिक् होणार नाही. आणि पुढच्या वेळी मलाच काढायचाय." तिने दात्यांना बोटाने ग्रीस लावलं.

तीन वाजता दादाचा फोन. आईने तो लेकीच्या कानाला लावून दिला, कारण तिचे हात भरले होते.

"काय झालं? क्रेनवाल्याला काय सांगू?"

"ये म्हणावं. बघायला."

गिअरबॉक्समध्ये तेल ओतलं, बॉल जॉइंट बसला, चाक चढलं, गाडी जमिनीवर आली. आई न सांगता आत जाऊन बसली आणि ब्रेक दाबून म्हणाली, "मार उडी." मोठा नट पुस्तकात लिहिलेल्या ताकदीने आवळला, त्याची कड छिन्नीने खाचेत वळवली. तिने पुस्तकाच्या सातव्या पायरीवर, वडिलांच्या ठशांशेजारी, स्वतःचा काळा अंगठा उमटवला. मुद्दाम नाही. पान धरायला दुसरी जागाच नव्हती.

पाचला दहा मिनिटं असताना क्रेन आली आणि अरुंद रस्ता अडवून उभी राहिली. क्रेनवाला उतरला, साखळी खांद्यावर टाकून अंगणात आला, गाडीभोवती एक चक्कर मारली. मग खाली वाकून डाव्या चाकामागे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"नवा दिसतोय. कुठल्या गॅरेजचं काम?"

"माझं," ती म्हणाली.

त्याने काकांकडे पाहिलं. काकांनी मान हलवली. "मी फक्त टॉर्च धरला."

क्रेनवाल्याने साखळी खांद्यावरून उतरवली. "मग ताई, मी अडथळा झालोय," तो म्हणाला, आणि जाऊन क्रेन मागे घ्यायला लागला. रस्ताभर मागे, आरशात बघत, बीप-बीप करत, पार कोपऱ्यापर्यंत. त्याच्यापाठोपाठ छोटी धुळकट गाडी फाटकातून बाहेर पडली, आपल्या पायांनी. शेजारच्या सीटवर आई होती, घाईत चपला उलट्यासुलट्या घातलेली, मांडीवर पर्स घट्ट धरून.

कोपऱ्यावर तिने स्टिअरिंग पार डावीकडे फिरवलं. दोघींनी श्वास रोखला. टायरखालची खडी ऐकू आली, बाकी काही नाही.

"आवाज कुठाय?"

"गेला."

रस्ता सरळ होता, दुकानं बंद होती. मग आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आज हे असते ना, तर त्यांना खरंच वाटलं नसतं. मला कितीदा म्हणायचे, पोरीला यातलं काही आवडत नाही. म्हाताऱ्याचा मान राखते, वाचायचं सोडून टॉर्च धरते. म्हणून पाना कधी दिला नाही तुझ्या हातात. म्हणायचे, तिचा रविवार खातो तेवढं पुरे, हात कशाला काळे करू?"

तिने गाडीचा वेग कमी केला. स्टिअरिंगवरच्या तिच्या नखांत काळं भरलं होतं. तीस वर्षं ते समजत होते की ती उपकार करते आहे, आणि तीस वर्षं ती समजत होती की त्यांना तिच्या हातांचा भरवसा नाही. एवढी पुस्तकं वाचलेली बाई, आणि एक साधं वाक्य तिला कधी सुचलं नव्हतं.

"मला आवडायचं," ती म्हणाली.

"काय?"

तिने समोरच्या रस्त्याकडे बघत, मोठ्याने, जणू कुणी गाडीखाली आडवं पडलंय आणि त्याला ऐकू गेलं पाहिजे अशा आवाजात सांगितलं, "मला आवडायचं, बाबा. मी टॉर्च धरायला नव्हते येत. तुम्हाला काम करताना बघायला यायचे."